अक्का पडतात तेव्हा

जळगावात मला राहायला जागा मिळाली ती एका बाहुल्याची छाती दाबून.

झालं असं, की शिरपूरहून मी तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला नवा नवा आलो होतो आणि खोली शोधत उन्हातान्हात फिरत होतो. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, अक्कांकडे वरची खोली रिकामी आहे, पण बाई जरा वेगळ्या आहेत. घरमालकीण वेगळी असते म्हणजे काय, याचा मला अनुभव होता. अंडं चालत नाही, मित्र चालत नाहीत, गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. मी मनाची तयारी करून गेलो. दारात साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, पदर कमरेला खोचलेल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बाजारात वांगी चाचपावीत तसे माझे दंड चाचपले आणि म्हणाल्या, "आत या. दाबून दाखवा."

बैठकीच्या खोलीत सतरंजीवर एक माणूस निजला होता. कमरेपासून वरचा. हात नव्हते. अंगात फिकट निळा फुल शर्ट होता, त्याच्या रिकाम्या बाह्या दोन्ही बाजूंना नीट पसरून ठेवल्या होत्या. शेजारी खुर्चीवर अक्कांचे यजमान, नाना, पेपर वाचत बसले होते. त्यांच्याही अंगात फिकट निळा शर्ट होता.

"हा आमचा पाव्हणा," अक्का म्हणाल्या. "ह्याला काय झालंय?"

"मला काय कल्पना..."

"मग विचारा की त्याला!"

मी गुडघ्यांवर बसलो आणि त्या प्लास्टिकच्या खांद्यांवर थोपटून, आयुष्यात पहिल्यांदाच एका बाहुल्याला विचारलं, "काय हो, बरे आहात ना?" नानांनी पेपरचं पान उलटलं. बाहुल्याने अर्थातच उत्तर दिलं नाही. मग अक्कांनी माझे तळहात एकावर एक ठेवून त्याच्या छातीच्या मधोमध टेकवले. मी दाबू लागलो.

"कोपर वाकतंय," त्या म्हणाल्या. "कोपर वाकलं तर खोली नाही."

मला वाटलं, जागा गेली. त्या दाबाच्या खोलीबद्दल बोलत होत्या हे कळायला मला वेळ लागला. मी कोपरं ताठ केली, सगळं अंग झोकून दाबलं, तेव्हा पाव्हण्याच्या छातीतून 'टक्' असा आवाज आला आणि अक्कांचा चेहरा उजळला. "सामान कधी आणताय?" त्यांनी विचारलं.

हा पाव्हणा एका नर्सिंग कॉलेजने मोडीत काढला होता. अक्का आयुष्यभर कन्याशाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. औषधपाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. मग हे वेड आलं कुठून, याबद्दल गल्लीत तऱ्हेतऱ्हेच्या कथा होत्या. कोणी म्हणे, त्यांचा भाऊ लग्नाच्या पंगतीत बसल्या जागी गेला आणि लोक त्याला कांदा हुंगवत बसले. कोणी म्हणे, वडील एसटीत गेले. मी एकदा नानांना खासगीत विचारलं. नाना धुळ्यात वाढलेले, कमी बोलणारे, आणि बोलले तर अहिराणीत. ते म्हणाले, "दार चुकनी ती."

खरं कारण तेवढंच होतं. नानांची साखर तपासायला दोघं दवाखान्यात गेले होते. अक्का पाणी प्यायला म्हणून गेल्या, चुकीचं दार उघडलं, आत हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला कसं वाचवायचं, याचं नव्या परिचारिकांसाठी शिबिर चाललं होतं. बसल्या. संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्या. नाना तोवर उपाशीपोटी बाकावर बसून होते. साखर तपासायची राहूनच गेली.

शिबिरात शिकलेली एक गोष्ट त्यांनी जन्माला बांधून घेतली होती. माणूस कोसळला की "अरे, कोणीतरी फोन लावा" असं ओरडायचं नसतं, कारण मग कोणीच लावत नाही. एकाकडे बोट दाखवून सांगायचं, "तुम्ही, लाल शर्टवाले, एकशेआठला फोन लावा." अक्कांनी हा नियम सगळ्या संसाराला लावला. "कोणीतरी" हा शब्द त्यांच्या घरात बंद होता. "कोणीतरी दार उघडा" म्हटलं की त्या दार उघडू देत नसत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांवर बोट रोखून त्या म्हणत, "तुम्ही, जांभळी साडी, साखर आणा. तुम्ही, मोत्याची माळ, पंखा लावा." आणि साखर खरंच लगेच यायची.

पण गल्ली त्यांना घाबरायची ती बोटाला नाही. त्यांच्या पडण्याला.

अक्का पडत. कुठेही, केव्हाही, न सांगता. लोकांना पाव्हण्यावर शिकवलेलं आठवतं की नाही हे तपासायचा हा त्यांचा प्रकार. बोलता बोलता एकदम थांबायच्या, आणि सांभाळून, कुशीवर, आडव्या. आसपासच्यांनी काय करायचं ते ठरलेलं होतं. खांदे थोपटून हाक मारायची, श्वास पाहायचा, एकाने फोन लावल्याचं सांगायचं, दुसऱ्याने छातीवर हात ठेवायचे. हात बरोबर जागी पडले की अक्का एक डोळा उघडून म्हणायच्या, "बस." मग उठून, साडी झटकून, चुका सांगायच्या.

संकष्टीच्या आरतीत त्या पडल्या तेव्हा पुजारी आरती थांबवायला तयार नव्हता. भाजीबाजारात त्या फ्लॉवरच्या ढिगावर पडल्या आणि भाजीवालीने आधी फ्लॉवर बाजूला काढले. बँकेत रांगेत उभ्या असताना पडल्या, तर मागचा माणूस त्यांना ओलांडून पुढे सरकला. उठल्यावर अक्कांनी त्याला जे सुनावलं ते सगळ्या शाखेने ऐकलं. "मी मेले होते बावा, अन् तू पासबुक छापून राह्यला होता!" अक्का मूळच्या यावलकडच्या. शिकवताना शाळेतलं शुद्ध बोलायच्या, पण रागावल्या की गावची भाषा बाहेर यायची.

आमच्या घरासमोर प्रकाशभाऊंचं हार्डवेअरचं दुकान होतं. जाडजूड, घामट, स्वभावाने अतिशय मऊ माणूस. अक्का दुकानाच्या दिशेने येताना दिसल्या की ते अर्धं शटर ओढत. "सर," ते मला म्हणायचे, "बाई पडल्या की माझ्याच छातीत धडधडतं. एक दिवस त्या बस म्हणतील अन् मीच आडवा होईन."

शनिवार-रविवार अक्का पाव्हण्याला घेऊन गावोगाव वर्ग घ्यायला जात. एकदा मीही बरोबर होतो. यावलच्या एसटीत पाव्हणा चादरीत गुंडाळलेला, तोंड तेवढं बाहेर. तोंड का उघडं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "गुदमरेल."

कंडक्टर आला. बघतच राहिला.

"अक्का, हे सामान का माणूस?"

"तुम्हीच ठरवा," अक्का म्हणाल्या. "सामान म्हणाल तर डिकीत टाका. पण पुढच्या थांब्यावर जो डिकी उघडेल, त्याला काही झालं तर दाबायचं तुम्ही."

कंडक्टर विचारात पडला. मागच्या सीटवरचे एक आबा पुढे झुकले. "कमरीपासून वरच हाये ना? मंग अर्धं तिकीट."

"बाई असती तर तसंही अर्धंच होतं," कंडक्टर म्हणाला.

"बाई असती तर अर्ध्याचं अर्धं," आबा म्हणाले.

यावर गाडीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, तिकीट डोक्याला असतं आणि डोकं पूर्ण आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तिकीट बसण्याला असतं आणि ज्याने बसायचं तोच भाग ह्याला नाही. वाद मिटेना तेव्हा अक्का उठल्या, पाव्हण्याला दोन सीटच्या मधल्या जागेत निजवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही, टोपीवाले आबा, या. दाबा." आबांनी दाबलं. टक्. दोन्ही तट उठून बघायला आले. मग ज्याला त्याला टक् काढून पाहायचं होतं. कंडक्टरने तिकीट दिलं नाही, पण प्रत्येक थांब्याला घंटी मारायच्या आधी येऊन एकदा दाबून जायचा.

त्या दिवशी एका केळीच्या मळ्यात वांग्याच्या भरताची पार्टी होती, तिथेच अक्कांनी वर्ग घेतला. काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत घालून बाया मुसळाने ठेचत होत्या. अक्का कान लावून ऐकत राहिल्या आणि आनंदाने ओरडल्या, "हाच! हाच वेग! थांबू नका!" मग एकीकडे भरीत आणि एकीकडे पाव्हणा, असे दोन्ही एका तालात ठेचले गेले. शेवटी एका शेतमजूर बाईने शंका काढली. "अक्का, अन् ज्याला उठायचंच नसन, त्याला दाबलं तर?"

"उठल्यावर विचारू त्याला," अक्का म्हणाल्या.

ह्या सगळ्यात एकच माणूस कधी सामील झाला नाही. नाना. त्यांनी पाव्हण्याला आपले शर्ट दिले, बैठकीतली जागा दिली, पण हात कधी लावला नाही. अक्कांनी आग्रह केला की म्हणत, "मी पडनू ते पडू दे मला." अक्का पडल्या की खुर्चीवरून एकदा बघत, आणि परत पेपरात डोकं घालत. मला ते थोडं निष्ठुर वाटायचं.

तो पाण्याचा दिवस होता. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नसे. येई त्या सकाळी सगळी गल्ली नळ्या, हंडे, मोटारी घेऊन बाहेर असे आणि कोणी कोणाशी धड बोलत नसे. मी वरच्या टाकीची नळी धरून जिन्यात उभा होतो. प्रकाशभाऊ बादल्या भरत होते. समोरच्या संगीतावहिनी मोटार लावत होत्या. अक्का नळावर बसून हंडा घासत होत्या. हंडा हातातून सुटला, गडगडत गेला, आणि अक्का कलंडल्या.

"अक्का, आज नको!" वहिनी ओरडल्या. "पाण्याचा दिवस आहे!"

"दहा मिनिटं थांबा ना अक्का," प्रकाशभाऊ काकुळतीने म्हणाले. "एवढी टाकी होऊ द्या."

अक्का उठल्या नाहीत. त्या उठणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. पूर्ण केल्याशिवाय त्या कधीच उठत नसत. शेवटी प्रकाशभाऊंनी बादली ठेवली, चिडूनच त्यांना ओल्यातून ओढून ओट्यावर घेतलं, खांदे थोपटले. "अक्का, अहो अक्का. हं, उत्तर नाही." पाठ केलेलं म्हणावं तसे ते म्हणत होते. "वहिनी, तुम्ही. एकशेआठ."

"लावला," वहिनी मोटारीजवळूनच म्हणाल्या. नेहमी असंच म्हणायचं असे.

अक्कांच्या तोंडातून एक मोठा, घरघरता श्वास आला. बऱ्याच वेळाने आणखी एक.

"घेतायत की श्वास," प्रकाशभाऊ म्हणाले. मग स्वतःलाच दुरुस्त केलं, "नाही, नाही. पाण्याबाहेरच्या माशासारखा श्वास म्हणजे श्वास नाही. फसवायला करतायत बघा, सर. नवीन काढलंय." आणि त्यांनी छातीच्या मधोमध, अगदी बरोबर जागी, हात ठेवले. आम्ही सगळे "बस" ऐकायला थांबलो.

बस आलं नाही.

प्रकाशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हात तसेच. "सर, काय करू? बस म्हणत नाहीत."

तेवढ्यात मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. नाना उभे होते. पेपर पायात पडला होता.

"चष्मा," ते म्हणाले. "तिना डोयावर चष्मा शे!"

आम्ही अक्कांच्या डोळ्यांकडे पाहिलं. चष्मा होता, पण त्याचं काय?

"पडाना आधी ती चष्मा काढस! नेहमी काढस! हाई नाटक नही शे रे!"

इतकी वर्षं आम्ही त्यांना पडताना पाहत होतो आणि आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. पडायच्या आधी त्या हळूच चष्मा काढून कमरेला खोचत. हे फक्त त्या एका माणसाला माहीत होतं, जो पेपराच्या वरून एकदाच बघायचा.

खरं आहे म्हटल्यावर प्रकाशभाऊंनी एक-दोनदा दाबलं आणि हात मागे घेतले. नानांनी त्यांना खांद्याने बाजूला सारलं, गुडघे टेकले, आणि दाबायला सुरुवात केली. कोपरं ताठ. खांदे बरोबर हातांवर. त्या पाव्हण्याला एकदाही न शिवलेला माणूस अचूक दाबत होता. तोंडाने मात्र त्यांचं वेगळंच चाललं होतं. "उठ व. उठ ना व. पानी चालनं जाई. उठ."

"वहिनी," मी ओरडलो, "फोन खरा लावलात का?"

वहिनींनी तोंडावर हात घेतला. मग त्यांनी मोटारीची नळी फेकून दिली, मोबाइल काढला, आणि पत्ता इतक्या मोठ्याने सांगितला की पलीकडच्या गल्लीतून माणसं धावत आली. एकाने चप्पल काढली, ती नाकाला लावायला. प्रकाशभाऊ, जे आयुष्यात कोणाला मोठ्याने बोलले नव्हते, त्याच्यावर बोट रोखून गरजले, "तुम्ही, चौकटीचा शर्ट! ती चप्पल पायात घाला अन् चौकात जाऊन उभे राहा! गाडीला रस्ता दाखवा!" तो माणूस एक चप्पल पायात, एक हातात, पळत सुटला.

नाना दमले. मी बसलो. मी दमलो, प्रकाशभाऊ बसले. आता ते थांबले नाहीत. मग वहिनी, मग परत नाना. मध्ये कुठेतरी माझ्या हाताखाली काही तरी कट्कन मोडल्यासारखं झालं. मी घाबरून थांबलो तर नाना म्हणाले, "दाब!" तशी मी परत दाबायला लागलो. आजूबाजूला सगळे नळ सुटे होते. टाक्या भरून वाहत होत्या, गल्लीभर पाणी झालं होतं, आणि त्या पाण्यातून फवारे उडवत गाडी आली. गाडीतल्या माणसांनी अक्कांच्या छातीला पट्ट्या लावल्या, आम्हाला दूर व्हायला सांगितलं, विजेचा झटका दिला. आणि परत एक. मग त्यातला एक जण मानेवर बोटं ठेवून म्हणाला, "लागतेय नाडी. चला."

प्रकाशभाऊ त्या पाण्यातच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

अक्कांना दवाखान्यात शुद्ध आली, घशातली नळी निघाली, रक्तवाहिनीत जाळी बसली. आम्हाला भेटायला सोडलं तेव्हा आम्ही चौघं रांगेने पलंगाशी उभे राहिलो. अक्कांनीच सुरुवात केली. आवाज बसला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"फासळ्या कोणी मोडल्या?"

"मी असेन, अक्का," मी म्हणालो.

"म्हणजे दाब बरोबर होता." मग प्रकाशभाऊंकडे वळल्या. "तुम्ही मध्ये थांबलात असं ऐकलं."

"जरा... हो."

"थांबायचं नसतं." वहिनींना म्हणाल्या, "फोन लावला असं म्हटलंत अन् लावलाच नाहीत. ही चूक माझी. मीच तशी सवय लावली." एवढं बोलून त्यांना धाप लागली. सगळ्यात शेवटी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

"तुम्ही दाबलं म्हणे."

"दाबं."

"शिकलात कधी?"

नानांनी खिडकीची कडी लावली, परत काढली. मग म्हणाले, "तू शिकाडत होती ना बठ्ठास्ले, सगळी गल्लीले. मी घरमाच होतू." आणि बाहेर निघून गेले. अक्कांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. आतून त्या काही तरी म्हणाल्या, पण ते आमच्यासाठी नव्हतं.

घरी आल्यावर अक्का परत कधी पडल्या नाहीत. नानांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि ते एवढंच होतं. वर्ग मात्र चालू राहिले. पाव्हण्याला नवीन शर्ट मिळाला, चौकटीचा.

पण आता अडचण दुसऱ्याच बाजूने आली. गल्लीला धसका बसला होता. अक्का जरा डोळे मिटून बसल्या की कोणी ना कोणी धावत यायचं. एकदा दुपारी जपमाळ घेऊन बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला, तर जाग आली ती छातीवर प्रकाशभाऊंचे दोन्ही हात आणि कानाशी वहिनींचा फोन. पत्ता अर्धा सांगून झाला होता. तेव्हापासून दुपारी आडवं व्हायच्या आधी अक्का दारात येतात आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात, "झोपते आहे हो! नुसती झोपते आहे!" समोरून प्रकाशभाऊ हात वर करतात. पोहोचलं.

माझी बदली धुळ्याला झाली त्याला आता बरेच दिवस झाले. मध्ये एका कामाला जळगावला गेलो होतो, तेव्हा दुपारच्या वेळी त्यांच्याकडे डोकावलो. नाना पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसले होते. हातात पेपर नव्हता. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपनी," ते अगदी हळू म्हणाले.

मी चपला काढून जमिनीवर बसलो. दोघंही अक्कांच्या पदराकडे बघत राहिलो. पदर वर जायचा, खाली यायचा. वर जायचा, खाली यायचा. एकदा तो खाली गेला आणि जरा जास्तच वेळ खाली राहिला. नाना खुर्चीवरून अर्धवट उठले. मीही उठलो.

"बसा दोघंही," डोळे न उघडता अक्का म्हणाल्या. "अजून झोप नाही लागलेली. लागली की सांगते."